वॉक सायकल सोडून पात्र मोकळं हलवताना: सांधा कुठे आणि कसा लावायचा

तुमची चोवीस फ्रेमची वॉक सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारं दोन पावलांच्या चालण्याचं अ‍ॅनिमेशन, तयार आहे. लूपवर लावली की पात्र एका जागी छान चालतं. आता शॉटमध्ये त्याने चालत यायचं आहे, थांबायचं आहे, थोडं डावीकडे वळायचं आहे आणि खाली पडलेली वस्तू उचलायची आहे. चालणं झालेलं आहे, वाकण्याची पोझही डोक्यात आहे. अडतं ते मधल्या वीस-पंचवीस फ्रेमवर, दोन हालचालींच्या सांध्याभोवती. तिथे पाय घसरतात, कंबर हिसका खाते, नाहीतर पात्र चालता चालता एकदम थिजतं.

मी पहिल्यांदा या वीस फ्रेम करायला बसलो तेव्हा दोन आठवडे गेले. चालण्याची क्लिप आणि उभं राहण्याची क्लिप एकमेकींवर सरकवायची आणि मधला ब्लेंड (दोन्हींचं मिश्रण) कमीजास्त करायचा, एवढंच मी करत होतो. दहा फ्रेमचा ब्लेंड, मग पंधरा, मग वीस. पाय घसरायचे काही थांबेनात. शेवटी एका अनुभवी अ‍ॅनिमेटरने माझ्या शेजारी बसून एकच प्रश्न विचारला: “या फ्रेमला वजन कोणत्या पायावर आहे?” मला सांगता येईना. त्या दिवसापासून मी सांधा लावण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारतो, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच भोवती आहेत.

उदाहरणं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधली दिली आहेत, कारण ते फुकट मिळतं आणि बहुतेक नवशिके त्यावरच शिकतात. मायामध्ये किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावं बदलतील, पायांचं गणित तेच राहील.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

• पायांना आयके कंट्रोल असलेलं रिग, म्हणजे पात्र हलवायचा सांगाडा. आयकेमध्ये पाऊल ठेवाल तिथे राहतं आणि गुडघा आपोआप वाकतो. ब्लेंडरच्या रिगिफाय अ‍ॅड-ऑनचं चालेल. रूट (अख्खं पात्र हलवणारा कंट्रोल), कंबरेचा मुख्य कंट्रोल आणि दोन्ही पावलांचे कंट्रोल वेगवेगळे असले पाहिजेत.
• एका जागी चालणारी, पूर्ण झालेली वॉक सायकल, तिच्या स्वतंत्र अ‍ॅक्शनमध्ये (ब्लेंडरमधली एका हालचालीची नोंद). नावाशेजारचं ढालीचं चिन्ह दाबून ठेवा. ते दाबलं नाही आणि अ‍ॅक्शन कुठेच वापरात नसली, तर फाइल बंद करून पुन्हा उघडल्यावर ती गायब झालेली असते.
• फाइलची एक वेगळी प्रत. पुढे आपण सायकल मोडणार आहोत, म्हणून मूळ सायकल हात न लावलेली राहू द्या.
• संदर्भासाठी स्वतःचं चित्रीकरण. मोबाइल जमिनीच्या जवळ, बाजूला, स्थिर ठेवा आणि पावलं पूर्ण दिसतील असं बघा. एकदा समोरूनही घ्या, कारण वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं जातं ते समोरूनच कळतं. एडवर्ड मायब्रिज यांनी १८८०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात माणसांच्या हालचालींची छायाचित्रं घेतली, ती एकाच क्षणी वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली आहेत. चित्रीकरण जमलं नाही तर तीही उपयोगी पडतात.
• वही आणि पेन. यावर मी ठाम आहे. फ्रेमचे आकडे कागदावर असले की हात भरकटत नाही.

चित्रीकरणाबाबत एक सावधगिरी. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम घेतो आणि तुमचा शॉट २४चा असतो. व्हिडिओतल्या फ्रेम मोजून तेच आकडे टाइमलाइनवर टाकलेत तर सगळं संथ होईल. वेळ सेकंदात मोजा आणि मग २४ने गुणा.

१. आधी सायकलचा हिशेब मांडा

मी पुढे धरलेली सायकल अशी आहे. १ल्या फ्रेमला उजवी टाच पुढे टेकते. ४थ्या फ्रेमला शरीर सर्वांत खाली असतं आणि उजवं पाऊल सपाट टेकलेलं असतं. ७व्याला डावा पाय उजव्याच्या शेजारून पुढे जातो. १०व्याला शरीर सर्वांत वर. १३व्याला डावी टाच टेकते आणि हेच सगळं बाजू बदलून पुन्हा होतं. २५वी फ्रेम म्हणजे पुन्हा १ली, म्हणून लूप १ ते २४ चालवायचा. २५पर्यंत चालवला तर तीच पोझ लागोपाठ दोनदा येते आणि दर फेरीला बारीक अडखळ दिसते.

एका पावलाला १२ फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, मिनिटाला १२० पावलं. सहज, जरा झपझप चालणाऱ्या माणसाचा हाच वेग असतो.

आता पावलाचं अंतर. टाच टेकते तेव्हा पाऊल रूटच्या ०.३५ मीटर पुढे आहे आणि १२ फ्रेमनंतर ०.३५ मीटर मागे गेलेलं आहे, असं धरू. म्हणजे एक पाऊल ०.७ मीटरचं आणि एक पूर्ण सायकल १.४ मीटरची. रूट दर फ्रेमला १.४ भागिले २४, म्हणजे सुमारे ०.०५८ मीटर पुढे सरकायला हवं. तुमच्या पात्राचे आकडे वेगळे निघतील. पावलाच्या कंट्रोलची पुढची आणि मागची किंमत बघून ते काढा. नजरेने वेग लावू नका. अर्ध्या सेंटिमीटरची चूक एका फ्रेमला दिसत नाही, पण चार सायकलींत पाऊल हातभर घसरलेलं असतं.

टेकलेलं पाऊल मागे जातानाचा त्याचा कर्व्ह (ग्राफ एडिटरमधली, वेळेनुसार किंमत दाखवणारी रेघ) सरळ रेषेत आहे ना, हेही तपासा. रूट एकसारख्या वेगाने पुढे जात असेल तर टेकलेलं पाऊल त्याच वेगाने मागे गेलं पाहिजे. त्या तुकड्यात कर्व्हला गोलाई असेल तर रूटचा वेग कितीही बरोबर लावा, पाऊल घसरणारच.

२. ब्लेंड नेमकं काय करतो ते समजून घ्या

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एनएलए एडिटरमध्ये, म्हणजे अ‍ॅक्शन पट्ट्यांसारख्या मांडून जोडायच्या खिडकीत, दोन स्ट्रिप एकमेकींवर ठेवून ब्लेंड इन दिलं की सॉफ्टवेअर दर फ्रेमला दोन्हींची सरासरी काढतं. सुरुवातीला चालणं शंभर टक्के, शेवटी उभं राहणं शंभर टक्के, मध्ये दोन्हींचं मिश्रण. चालताना उजवं पाऊल ०.३० मीटर पुढे असेल आणि उभं राहण्याच्या पोझमध्ये शून्यावर असेल, तर मधोमध ते ०.१५वर येतं. म्हणजे ब्लेंडच्या दहा फ्रेममध्ये ते पाऊल जमिनीवरून घासत ०.३०पासून शून्यापर्यंत गेलं. ब्लेंड लांबवला तर घसरणं संथ होतं. थांबत मात्र नाही. माझे दोन आठवडे इथे गेले होते.

हवेत असलेल्या अवयवाचं तसं नसतं. हाताची किंवा डोक्याची सरासरी काढली तर प्रेक्षकाला काही खटकत नाही, कारण हवेत कशाला धरून तुलना करायची? जमीन मात्र स्थिर असते आणि तिच्यावरची एक सेंटिमीटरची हालचालही डोळा पकडतो. म्हणून माझी विभागणी साधी आहे: जे हवेत आहे ते ब्लेंड करा, जे जमिनीला टेकलेलं आहे ते हाताने जोडा.

पात्र न थांबता चालता चालता फक्त हात हलवत असेल, तर एनएलएच उत्तम. चालण्याच्या ट्रॅकवर दुसरा ट्रॅक घ्या, त्यात हाताची अ‍ॅक्शन ठेवा, सहा-आठ फ्रेमचा ब्लेंड इन आणि तेवढाच ब्लेंड आउट द्या. एकच काळजी घ्या: त्या वरच्या अ‍ॅक्शनमध्ये फक्त हात, खांदा आणि डोकं यांच्याच की (ठरावीक फ्रेमला नोंदवलेल्या किमती) असू द्या. सगळं रिग निवडून की टाकली असेल तर पायांच्या चॅनेलही (एकेका किमतीच्या नोंदीच्या ओळी) त्यात येतात, वरचा ट्रॅक खालच्याला झाकतो आणि चालणं मध्येच बंद पडतं. असं झालं की लोक ब्लेंडच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतात. ती अ‍ॅक्शन उघडून पायांच्या चॅनेल पुसल्या की काम होतं.

गर्दीतल्या, लांबवर दिसणाऱ्या पात्रांनाही ब्लेंड पुरतो. गेम इंजिनमध्ये तर ब्लेंडच वापरावा लागतो, कारण खेळणारा कोणत्या क्षणी थांबेल हे आधी माहीत नसतं. पण कॅमेऱ्यासमोर पाय दिसत असतील आणि पात्र थांबणार असेल, तर पुढच्या पायऱ्या टाळता येत नाहीत.

३. सांधा पायावरून निवडा

थांबायचा क्षण गोष्टीवरून साधारण ठरतो: “तीन सेकंदांनंतर थांबेल.” नेमकी फ्रेम मात्र पायावरून ठरवा. एका पावलावर पूर्ण वजन आलेलं आहे आणि ते सपाट टेकलेलं आहे, अशी फ्रेम हवी. आपल्या सायकलमध्ये टाच टेकल्यानंतरची तिसरी फ्रेम, म्हणजे ४, १६, २८, ४० वगैरे. तीन सायकली झाल्यावर ७३व्या फ्रेमला उजवी टाच टेकते आणि ७६व्याला पाऊल सपाट होतं. ७६ हा आपला सांधा.

टाच टेकण्याची फ्रेमच का नाही? ती पोझ दिसायला स्पष्ट असते, म्हणून बहुतेक जण तीच निवडतात. पण त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर असतात आणि वजन अजून मागच्या पायावरून पुढे येत असतं. चालण्याच्या पूर्ण फेरीत एक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असतो, म्हणजे २४पैकी १४ फ्रेम. त्यामुळे पुढची टाच टेकल्यावरही मागचा चवडा साधारण दोन फ्रेम जमिनीवरच असतो. तिथे सांधा घेतलात तर दोन पावलं सांभाळावी लागतात. ७६ला एकच.

वळणाची दिशाही इथेच बघून घ्या. उजवा पाय रोवलेला असताना डावीकडे वळणं सोपं आणि स्थिर असतं, कारण डावा पाय मोकळा असतो आणि वळणाच्या दिशेने बाहेर पडतो. डावा पाय रोवलेला असताना डावीकडे वळायचं तर त्याच पायावर गिरकी घ्यावी लागते आणि उजवा पाय समोरून आडवा येतो. माणसं तसंही वळतात, पण ते अ‍ॅनिमेट करणं नवशिक्याला जड जातं. थांबण्याच्या वेळेला चुकीचा पाय येत असेल तर सांधा पुढेमागे ओढू नका. अख्खी सायकल १२ फ्रेमने सरकवून चालण्याची सुरुवातच दुसऱ्या पायाने करा.

४. सायकलच्या की टाइमलाइनवर मोकळ्या करा

आता लूप मोडून साध्या की हव्यात. बेक अ‍ॅक्शन ही आज्ञा त्यासाठीच आहे, पण ती दर फ्रेमला की टाकते. शंभर फ्रेम आणि चाळीस कंट्रोल असले की पुढे हाताने काही बदलणं अशक्य होऊन बसतं. मी शक्यतो बेक करत नाही. डोप शीटमध्ये (सगळ्या की मांडून दाखवणाऱ्या खिडकीत) ४पासून २५पर्यंतच्या की निवडा, शिफ्ट आणि डी दाबा, २४ टाइप करून एंटर करा. पुढची सायकल तयार. १ल्या फ्रेमच्या की घेऊ नका, कारण त्या २५वर येऊन तिथल्या कींवर बसतील. असं ९७पर्यंत करा. सांधा ७६ला असला तरी एक सायकल जास्त ठेवायची. का ते पुढे येईल.

सायकल ग्राफ एडिटरमधल्या सायकल्स मॉडिफायरने फिरवली असेल तर तो प्रत्येक चॅनेलवरून काढून टाका. एखाद्या चॅनेलवर तो राहिला तर पात्र वस्तू उचलून झाल्यावर तो अवयव पहिल्यापासून सगळं पुन्हा करायला लागतो. शॉट संपल्यानंतरच्या फ्रेम कोणी बघत नाही, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही.

मग ७६व्या फ्रेमवर जाऊन सगळ्या कंट्रोलवर की टाका. ही भिंत आहे. तिच्यापुढे केलेला बदल मागच्या चालण्यात झिरपत नाही. मान, डोकं आणि छाती यांच्यासाठी अशीच भिंत ६४ला घाला, कारण वरचं शरीर पायांच्या आधी सायकल सोडणार आहे.

५. रूट थांबवा, कंबर चालू ठेवा

सगळ्या कामाचं मर्म या पायरीत आहे. सावकाश वाचा.

रूटला दोनच की हव्यात: १ला शून्य आणि ७६ला ४.३७५ मीटर, म्हणजे ७५ गुणिले १.४ भागिले २४. मधला भाग लिनिअर, म्हणजे एकसारख्या वेगाचा. ७६नंतर रूट जागच्या जागी थांबतं. हळूहळू नाही, एकदम.

मन म्हणेल, एकदम थांबवलं तर झटका बसेल, जरा ईज आउट (हळूहळू थांबणं) देऊ या. देऊ नका. रूट हळू झालं की उजवं पाऊल, जे रूटच्या वेगाशी बांधलेलं आहे, ते घसरायला लागतं. याउलट रूट ७६ला एकदम थांबलं आणि उजव्या पावलाच्या कंट्रोलची ७६ची किंमत पुढे तशीच धरून ठेवली, तर पाऊल जमिनीला खिळून राहतं. उजव्या पावलाच्या ७६नंतरच्या की पुसा. एवढ्याने घसरणं संपतं.

झटका आता कंबरेत दिसेल, कारण आतापर्यंत तिला रूट पुढे नेत होतं. तो वेग कंबरेच्या कंट्रोलला द्यायचा आहे. ७६ला कंबरेची पुढची किंमत शून्य आहे आणि उजवं पाऊल तिच्या ०.१७५ मीटर पुढे आहे. कंबर त्याच वेगाने गेली तर तीन फ्रेमनंतर, ७९ला, बरोबर उजव्या पावलावर येते. तिथून तिचा वेग कमी होऊ लागतो. माझ्या की अशा असतात:

७६ला ०
७९ला ०.१७
८५ला ०.३५
८९ला ०.३९
९७ला ०.३५

८९ला कंबर शेवटच्या जागेच्या थोडी पुढे जाते आणि मग मागे येऊन स्थिरावते. चालणाऱ्या शरीराला वेग असतो, ते अचूक जागी येऊन थांबत नाही.

ग्राफ एडिटरमध्ये कंबरेच्या कर्व्हला ७६ला धारदार कोपरा दिसेल: आधी सपाट, मग एकदम चढ. तो गोल करावासा वाटतो. करू नका. रूटच्या कर्व्हला त्याच फ्रेमला उलटा कोपरा आहे आणि दोन्हींची बेरीज सरळ येते. तिथल्या दोन्ही बाजूंच्या हँडल (कर्व्हचा चढ ठरवणाऱ्या दांड्या) स्वतंत्र करा आणि चढ फ्रेमला ०.०५८ इतकाच ठेवा. खात्री करायची तर कंबरेचा मोशन पाथ (दर फ्रेमच्या जागेचे ठिपके) काढा. ७६पर्यंत ठिपके समान अंतरावर आणि ७९पासून पुढे जवळ जवळ येत गेलेले दिसले पाहिजेत. ७६ला दोन ठिपक्यांमधलं अंतर अचानक कमी किंवा जास्त झालं तर चढ चुकला आहे. इथे ग्राफपेक्षा पाथवर विश्वास ठेवा.

वर-खाली होण्याचा कर्व्ह वेगळा हाताळा. ७६ला शरीर खालच्या बिंदूवर आहे, तिथून ते वर येतं, पण चालताना येत होतं तेवढं नाही. शेवटचं पाऊल टेकल्यावर पुन्हा जरा दबतं आणि उभं राहण्याच्या उंचीवर स्थिर होतं.

६. शेवटचं पाऊल आखूड टाका

डावा पाय ७६ला नुकताच जमिनीवरून उचललेला असतो. ९७पर्यंतच्या की आपण याच्यासाठीच ठेवल्या होत्या. ७९ आणि ८२च्या की लगेच पुसू नका. मूळ कमान नजरेसमोर असली की नवी कमान तिच्यातूनच फुटल्यासारखी दिसते. फक्त एक लक्षात घ्या: रूट आता थांबलं आहे, त्यामुळे डाव्या पावलाच्या पुढे-मागेच्या किमतींना रूटचं हरवलेलं अंतर मिळवावं लागतं. ७९ला ०.१७५, ८२ला ०.३५. हे विसरलात तर पाय हवेत मागे राहून गेल्यासारखा दिसतो.

नेहमीच्या चालीत हे पाऊल ०.८७५वर पडलं असतं. थांबताना ते निम्मं करा: ८५ला ०.५२५वर. तरीही त्या क्षणी ते कंबरेच्या पुढेच असतं, आणि ते पुढे असल्यामुळेच शरीराला ब्रेक लागतो. पाऊल थेट कंबरेखाली टेकवलं तर पात्र पुढे कोसळेल असं वाटतं. टेकताना चवडा ४५ अंश डावीकडे वळलेला ठेवा. गुडघा ८५ ते ८९मध्ये वाकून वजन झेलू द्या. ताठ गुडघ्याने टेकलेल्या पायाला वजन दिसत नाही.

उजवं पाऊल अजून जुन्याच दिशेला आहे. ८८च्या आसपास त्याची टाच थोडी उचलून चवड्यावर फिरवा आणि पुन्हा टेकवा. ४५ अंशांसाठी एवढं पुरतं. ९० अंश वळायचं असेल तर उजवा पाय पूर्ण उचलून आणखी एक छोटं पाऊल टाकावं लागेल आणि त्यासाठी वजन आधी डाव्या पायावर न्यावं लागेल.

७. सगळे अवयव एका फ्रेमला सायकल सोडत नाहीत

पाय नीट जुळले तरी कधी कधी सांधा उघडा पडतो. सगळं शरीर एकाच फ्रेमला चालणं बंद करून दुसरं काम सुरू करतं, म्हणून तसं दिसतं. खरा माणूस आधी बघतो, मग वळतो, मग थांबतो. माझा क्रम:

डोळे: ६६
डोकं: ६८
छाती: ७२
कंबर आणि उजवा पाय: ७६
डावा पाय टेकतो: ८५
हात स्थिरावतात: ९५ ते १००

डोकं वळायला लागतं तेव्हा पाय अजून एक-तृतीयांश सेकंद निर्धास्त चालत असतात. या थोड्या वेळामुळे पात्राला काहीतरी दिसलं आणि मग त्याने थांबायचं ठरवलं, असं वाटतं. माझ्या मते अख्ख्या शॉटमधला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. घाईत असाल तर बाकी कुठेही वेळ वाचवा, इथे नको.

हातांना पायांबरोबर थांबवू नका. उजवा पाय पुढे असताना डावा हात पुढे आलेला असतो. तो परत मागे जातो, पण नेहमीपेक्षा कमी, मग त्याहून कमी, आणि मांडीजवळ येऊन थांबतो. खांदा आधी, कोपर दोन फ्रेमने, मनगट आणखी दोन फ्रेमने मागे. हे भाग हवेत आहेत, त्यामुळे सायकलच्या की हळूहळू लहान करत नेल्या तरी चालतं.

८. आता मोकळी हालचाल

९७ ते १०४ पात्र उभं आहे. या आठ फ्रेम पूर्ण स्थिर ठेवू नका, छाती आणि डोकं किंचित सरकत राहू द्या. १०४पासून वाकणं, ११८ला हात वस्तूपर्यंत, १२२पासून उठणं. इथे साध्या पोझ-टू-पोझ पद्धतीने (आधी मुख्य पोझ, मग मधल्या फ्रेम) काम करा. सायकलचा इथे काही संबंध उरत नाही.

तोलाची एकच गोष्ट सांगतो. वरचं शरीर पुढे वाकतं तेव्हा कंबर मागे जाते. कंबर जागच्या जागी ठेवून पाठ वाकवली तर सगळं वजन पावलांच्या पुढे जातं आणि पात्र तोंडावर पडायला हवं होतं असं वाटतं. बाजूच्या दृश्यात शरीराच्या मध्यातून खाली रेघ काढा. ती दोन पावलांच्या आतच पडली पाहिजे.

चालताना हात एफकेवर (खांद्यापासून एकेक सांधा फिरवून) असतील आणि वस्तू उचलायला आयके लागत असेल, तर बदल १००च्या आसपास करा, हात शांत असताना. आधी आयके कंट्रोल हाताच्या सध्याच्या जागेवर स्नॅप करा, की टाका, मग बदल करा. बदलाच्या चॅनेलचं इंटरपोलेशन कॉन्स्टंट ठेवा. नाहीतर अधल्यामधल्या फ्रेमला हात दोन जागांच्या मध्ये कुठेतरी तरंगतो.

एखादं हाड मध्येच उलटी गिरकी घेत असेल तर तुमची पोझ चुकली असेलच असं नाही. ऑयलर रोटेशन (तीन अक्षांच्या कोनांत मोजलेलं फिरणं) असेल तर ग्राफ एडिटरमधला डिसकंटिन्युइटी फिल्टर चालवून बघा.

९. पुन्हा चालायला लावायचं असेल तर

परत सायकलमध्ये जाताना रूट आडवं येतं. ते मागे ७६च्या जागेवर, जुन्या दिशेला तोंड करून उभं आहे. पात्र पुढे सरकलं आहे आणि वळलं आहे. सायकल रूटच्या दिशेने चालते, म्हणून पात्र नव्या दिशेला चालायला हवं तर आधी रूट तिकडे वळवून कंबरेखाली आणावं लागतं, आणि तसं करताना पात्र तसूभरही हलता कामा नये.

ब्लेंडरसोबत कॉपी ग्लोबल ट्रान्सफॉर्म नावाचं साधन मिळतं. काही आवृत्त्यांत ते प्रिफरन्सेसमधून सुरू करावं लागतं. समजा, १४०ला रूट हलवायचं आहे. १३९ आणि १४०, दोन्ही फ्रेमला सगळ्या कंट्रोलवर की टाका. १४०ला कंबरेचं जगातलं स्थान कॉपी करा, रूट नव्या जागी नेऊन फिरवा, त्यावर की टाका, मग कंबरेवर ते स्थान पेस्ट करून तिलाही की टाका. दोन्ही पावलं आणि आयकेवरचे हात यांचंही एकेक करून हेच करा. पेस्ट करताना ऑटो की चालू आहे का ते बघा, नाहीतर फ्रेम बदलली की सगळं परत जुन्या जागी जातं. १३९ ते १४०मधलं इंटरपोलेशन कॉन्स्टंट करा. एक-एक फ्रेम मागेपुढे करून बघा. रूटचा कंट्रोल उडी मारेल, पात्र हलणार नाही.

त्यानंतर पहिलं पाऊल. उचलायच्या पायावरून वजन आधी दुसऱ्या पायावर न्या, शरीर किंचित पुढे झुकू द्या आणि मगच पाय उचला. पाय आधी उचलला आणि वजन नंतर हललं तर कोणीतरी दोरीने ओढल्यासारखं दिसतं. पहिलं पाऊल आखूड, दुसरं जवळजवळ पूर्ण, आणि दुसऱ्या पावलाची टाच टेकून पाऊल सपाट झालं की त्या फ्रेमपासून सायकलच्या की चिकटवा. थांबताना केलं तेच इथे उलट होतं: त्या फ्रेमपर्यंत रूट स्थिर आणि कंबर पुढे जात असते, त्या फ्रेमपासून रूट लिनिअर वेगाने निघतं आणि कंबर त्याच्या वर येऊन बसते. सायकल सुरू होते त्या फ्रेमला रूट बरोबर कंबरेखाली हवं, म्हणून पाचव्या पायरीतले आकडे वहीत उलट क्रमाने लिहून रूटची जागा आधीच काढा आणि १४०ला ते तिथेच नेऊन ठेवा.

शेवटी शॉट तीनदा बघा. एकदा फक्त पावलांवर कॅमेरा जवळ नेऊन, रूटचा कंट्रोल लपवून. एकदा समोरून, वजन रोवलेल्या पायाच्या बाजूला जातं का ते बघायला. आणि एकदा शॉटच्या खऱ्या कॅमेऱ्यातून, पूर्ण वेगात, न थांबवता.